निजलेल्या चादरी

चूक उमगली ती आप्पांना, आणि तीही डोळ्यांनी नव्हे, बोटांनी.

ताईच्या दोरीमंडळींचं, म्हणजे तिच्या चित्रकार सोबत्यांच्या गटाचं, प्रदर्शन दुपारी उघडायचं होतं. घरच्या लाँड्रीच्या वाळवणीच्या दालनात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या, दोऱ्यांवर चादरी, आणि प्रत्येक चादरीवर निळ्या रेषेत एकेक बाई निजलेली. कुणी कुशीवर, कुणी पाय पोटाशी घेऊन, कुणी हातपाय फेकून ऐसपैस, जणू सगळा पलंग आपल्या बापाचा. आप्पा जन्मभराच्या सवयीने दोऱ्यांखालून फिरत होते. कुठं चिमटा वाकडा, कुठं कड लोंबते, ते बघत. मध्येच थबकले. एका चादरीची कड त्यांनी चिमटीत धरली, चुरली, कानाशी नेली, पुन्हा चुरली.

“ताई, हिला खळ कशी काय?”

ताई, त्यांची लेक, शिडीवर होती. “कुणाला?”

“या चादरीला. मोडीत काढलेल्या चादरीला खळ कोण घालतं?”

“तरीच!” ताई वरूनच आनंदली. “मी म्हटलं, काल रंग काय सुरेख बसलाय! रेष जरासुद्धा फुटली नाही.”

मग तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

धाकटी सून कोपऱ्यात बसून आपल्या रांगत्या लेकीच्या, पिल्लूच्या, तोंडातून दोरीचा तुकडा काढत होती. घरात कुठंही काहीही बिघडलं, की आपलंच काहीतरी चुकलं असणार असं धाकटीला वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खोटं असायचं. आज मात्र ते खरं आहे, हे तिला आप्पांचं वाक्य संपायच्या आत कळलं.

विश्रामगृहाच्या चादरी या घरात दोन वाटांनी यायच्या. चांगल्या धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री होऊन परत जायच्या. विरलेल्या आणि फाटलेल्या ताईच्या वाट्याला यायच्या; दोरीमंडळींची चित्रं गेली कित्येक वर्षं त्यांवरच उमटत होती. दोन्हींच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची तीच खूण. गाठोडी बांधली की ओळखायची एकच युक्ती: वर पिनेने टोचलेली चिठ्ठी.

“म्हणजे या खळबाईंच्या चादरी?” ताईने विचारलं.

विश्रामगृहाच्या व्यवस्थापिकेला घरात खळबाई म्हणत. चादर उभी केली तर उभी राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

“त्यांच्याच,” आप्पा म्हणाले. “अख्खा गठ्ठा.”

“वहिनीला सांगू नका.”

“काय सांगू नका?” थोरली सून दारात उभी होती.

थोरलीची पावलं कधी वाजत नसत. भट्टीपासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत आणि तिथून हिशेबाच्या खिडकीपर्यंत ती दिवसभर अशी फिरायची, की एका घरात दोन-तीन थोरल्या आहेत असं नव्या गड्याला वाटावं. तिने एक चादर बघितली, दुसरी बघितली, कड चुरली. आणि ताईकडे वळली.

“वन्सं,” ती म्हणाली.

थोरली चिडली की ताईला वन्सं म्हणायची. एरवी तीही ताईच म्हणायची, आणि दोघी एकमेकींना अगंतुगं करत.

“वन्सं, एका दालनात दोन संसार नांदत नाहीत, हे मी कधीपासून सांगतेय?”

“चूक फळीवर झाली, वहिनी. फळी लाँड्रीची.”

“रंग कुणी लावला? लाँड्रीनं?”

“मला दिलेलं गाठोडं मी उघडलं!”

“दिलं कुणी?”

“मी आपलं खालच्या फळीवरून घेतलं. चिठ्ठीच नव्हती वर!”

“चिठ्ठीला काय पाय फुटले?”

“पिना मी काढल्या,” धाकटी म्हणाली.

दोघी वळल्या. धाकटीचा आवाज मुळात बारीक, त्यात आता तो घशाच्याही खालून आला होता. पिल्लूला तिने घट्ट धरलं होतं. कोण कुणाला धीर देतंय हे सांगणं कठीण होतं.

“काय काढलंस?”

“पिना. गाठोड्यांवरच्या. पिल्लू आता धरून धरून उभी राहते, आणि जे हाताला लागेल ते तोंडात. परवा मी बघितलं, तिचा हात पिनेपासून एवढ्यावर होता. एवढ्यावर!” तिने बोटांनी अंतर दाखवलं. “म्हणून काढल्या.”

“सगळ्या?”

“नाही, नाही. खालच्या दोन फळ्यांवरच्याच.”

“आणि चिठ्ठ्या?”

“त्या पिनांबरोबर डब्यात ठेवल्यात. नीट. झाकण घट्ट लावून.”

“आणि डबा?”

“सगळ्यात वरच्या फळीवर. तिथं तिचा हात पोचत नाही.”

आप्पांच्या छातीतून घरघर ऐकू आली. धाकटी घाबरली, मग कळलं, ते हसताहेत. हसू दाबायच्या नादात त्यांना ठसका लागला. ताईने शिडीवरून उतरून त्यांची पाठ चोळली आणि स्वतःही फिसकन हसली. थोरली तेवढी हसली नाही. ती नुसती धाकटीकडे बघत राहिली, आणि तिच्या नजरेतली एकेक पायरी धाकटीला दिसत गेली. आधी राग, मग हिशेब, मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं.

“थांबा,” थोरली म्हणाली. “विश्रामगृहाच्या चादरी जर इथं आहेत, तर सकाळी टेम्पोतून काय गेलं?”

कुणी उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. धाकटा होता, धाकटीचा नवरा. त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

“वहिनी, खळबाईंनी गाठोडं उघडलंय. पहिल्याच चादरीतून त्यांचा हात आरपार गेला. कोपरापर्यंत.”

“मग? काय म्हणतात?”

“बोलत नाहीत. चादरींना खळ नाही, पण बाई अशा ताठ उभ्या आहेत की बघवत नाही.”

थोरलीने डोळे मिटले, उघडले. “त्यांना सांग, संध्याकाळच्या आत नव्या चादरी घेऊन आमचा माणूस दारात हजर होईल. आणि येताना कापडवाल्याकडून पांढऱ्या कापडाचे तागे उचल. रुंद पन्ह्याचे. बघत बसू नकोस, ये.”

फोन ठेवून तिने ओल्या फडक्याने एक निळी रेष घासली. रेष तशीच.

“आप्पा, निघेल का हे?”

“नाही,” आप्पा म्हणाले, आणि स्वतःला आवरता न येऊन पुढं म्हणाले, “पक्का बसलाय. रंगात मीठ कालवून वरून गरम इस्त्री. मीच शिकवलं तिला.”

“फार उपकार झाले.” थोरलीने फडकं पिळलं. “आता माझं ऐका. आज संध्याकाळी तुम्ही सांगणार होतात ना, वाळवणीचं यंत्र घ्यायचं आणि दालन त्याला द्यायचं, की मंडळींना ठेवायचं? संध्याकाळी सांगाच. हे बघून सांगा.”

आप्पांचं हसू विरलं. ताईने शिडी मिटली.

इतका वेळ धाकटीला वाटत होतं, आपल्याला बोलणी बसतील. बसली असती तर बरं, असं आता तिला वाटलं. ती लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिला सगळ्यात अनोळखी वाटलेली जागा म्हणजे हे दालन. चित्रकार, कोरीवकाम करणारे, बोलघेवडे, उधारीवर चहा पिणारे. भिंतींना ओल म्हणून एकही खिळा न ठोकता कपड्यांच्या दोऱ्यांवर चित्रं टांगणारे. इथंच घरकामवाल्यांनी आपले फलक रंगवले, इथंच झोपडी गमावलेल्यांनी आपल्या घरांचे नकाशे आठवून आठवून काढले. पण धाकटीचं दालन झालं ते पिल्लू झाल्यावर. रात्र रात्र ती बाळाच्या नाकापाशी बोट धरून बसायची. दिवसा भिंतीला धरून चालायची. एकदा अशीच ती इथं आली, तेव्हा रात्रपाळीच्या बायकांची बैठक चालू होती. त्यांतल्या सगळ्यात धिप्पाड बाईने बाळ तिच्या हातातून अलगद काढून घेतलं.

“श्वास मोजायचं काम आमचं,” ती म्हणाली होती. “जन्मभर तेच करतोय. तू जा, पड.”

आणि धाकटी बिनइस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर अशी झोपली, की तिला उठवायला ताईला दोनदा यावं लागलं.

त्या बाईला सगळे घुबडमावशी म्हणत. तिनेच घेतलेलं नाव. लोकांच्या घरी आजाऱ्यांच्या उशाशी रात्र काढणाऱ्या या बायका स्वतःला घुबडंच म्हणवत. घरात पलंग चार असले तरी मावशीला खुर्ची. तीही बिनहातांची, कारण हात असले की डुलकी लागते. रात्रीत थोडा वेळ आडवं व्हायला मिळावं आणि आठवड्यातली एक रात्र आपली स्वतःची असावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. सोमवारी याच चादरी घेऊन त्या कामगार कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन निजणार होत्या. ताईने त्यांना एकेक करून आडवं केलं होतं आणि भोवतीनं रेष ओढली होती. “कशा झोपता ते दाखवा,” असं तिने म्हटलं, तेव्हा निम्म्याजणींना आठवायलाच वेळ लागला होता.

दुपारी घुबडं आली. नटूनथटून, हसत, एकमेकींना ढकलत, आपापली चादर शोधत. “ही मी! ही बघ मी! घोरतेय का गं मी यात?” असा कल्ला झाला. पाहुणे येतील, कुणी दोन शब्द बोलेल, चहा मिळेल, अशा बेताने त्या आल्या होत्या. समोर बघतात तर जमिनीवर कापडाचे तागे, धाकटीच्या हातात कात्री आणि थोरली दोन्ही शिवणयंत्रं दालनात ओढून आणतेय.

ताईने सगळं सांगितलं. पिनांचंही सांगितलं. घुबडमावशीने पिल्लूच्या गालाचा मुका घेतला. “एवढीशी पोर आणि केवढं राजकारण!”

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. ताईच्या मंडळींतला कोरीवकामवाला कापड फाडायला बसला, घुबडं गोल करून कडा दुमडायला बसली. शिवणाऱ्या शिवत होत्या, बाकीच्या हाताने टाके घालत होत्या, आणि जिला काहीच येत नव्हतं ती गात होती, आणि तिला तेही येत नव्हतं. आलेले पाहुणे दारात घुटमळले. त्यांना वाटलं, हेच प्रदर्शन. एक चष्मेवाले गृहस्थ बराच वेळ मान डोलवत बघत राहिले, तेव्हा आप्पांनी त्यांच्या हातात सुई दिली.

थोरली कापड मापत होती, दुमडत होती, चुकलेला टाका उसवायला लावत होती. चहा आला, तिने घेतला नाही. खुर्ची आली, ती बसली नाही. धाकटीचं लक्ष होतं. पहाटे भट्टी पेटवायला उठलेली ही बाई अजून एकदाही टेकलेली नाही, आणि आज तर नाहीच नाही, पण काल तरी टेकली होती का? परवा? धाकटीला आठवेना.

घुबडमावशीचंही लक्ष असावं. “ए मोठ्या सूनबाई,” ती ओरडली, “आम्हा सगळ्यांच्या चादरी झाल्या. त्या गठ्ठ्यातली एक अजून कोरीच आहे म्हणे, शाई सांडलेली. तुझी काढ की.”

“मला वेळ नाही.”

“वेळ नाही, की आडवं होताच येत नाही?”

“न यायला काय झालं?”

“दिसत नाही बाई. आम्हाला तरी खुर्ची मिळते. तू तर उभ्यानंच झोपत असशील, घोड्यासारखी.”

दालनात हशा पिकला. थोरलीचे कान लाल झाले. ताईने गंमतीत भर घालायला तोंड उघडलं, पण धाकटीने तिचा हात दाबला, आणि स्वतः थोरलीजवळ गेली.

“वहिनी, रेष काढण्यापुरतंच,” ती हळू म्हणाली. “तोवर मापं मी घेते. तुम्ही दाखवलीत तशीच घेईन. आणि एकही पिन काढणार नाही.”

थोरलीने तिच्याकडे बघितलं. ओठाचा एक कोपरा जरासा हलला. मग, या सगळ्यांची तोंडं एकदाची बंद व्हावीत म्हणून की काय, तिने चपला काढल्या आणि डाग पडलेल्या चादरीवर आडवी झाली. हात अंगाला चिकटलेले, पाय जुळलेले, नजर छताकडे. जणू आता वरून इस्त्री फिरायची आहे.

“अगं, सैल सोड,” ताई कुंचला बुडवत म्हणाली.

“सैलच आहे. आटप.”

ताईने खांद्यापासून सुरुवात केली. कोपर, मनगट, कंबर. गुडघ्याशी पोचेपर्यंत थोरलीचा हात आपोआप उलगडला होता. पावलाशी पोचली तेव्हा थोरली कुशीवर वळली होती, गालाखाली तळवा घेऊन. ताईला निम्मी रेष नव्यानं काढावी लागली.

“वहिनी?” ताई म्हणाली.

उत्तर आलं ते श्वासाचं. लांब, सावकाश.

घुबडमावशीने एक बोट वर केलं आणि सगळं दालन गप्प झालं. शिवणयंत्रं थांबली. धाकटी पाय न वाजवता मागे गेली आणि तिने भट्टीपाशी असलेल्या थोरल्याला खुणेने सांगितलं; त्याने आधी अविश्वासाने दारातून डोकावून आपल्या बायकोकडे बघितलं, मग भट्टीचा पंखाच बंद केला. घुबडं हाताने टाके घालत राहिली. कुणाच्या निजेची राखण करायची हे त्यांच्या अंगातच भिनलेलं होतं. फरक एवढाच, की आज त्या मांडी ठोकून बसल्या होत्या आणि मध्येच एकमेकींना चिमटे काढून हसू दाबत होत्या.

अशा वेळी खळबाई आल्या.

टेम्पोची, माणसाची वाट न बघता त्या स्वतः आल्या, काखोटीला ते फाटकं गाठोडं मारून. दारातच त्यांनी श्वास भरून घेतला आणि तोंड उघडलं.

“श्शू!” वीसेक बायका एकदम म्हणाल्या.

खळबाईंना जन्मात कुणी श्शू केलं नसावं. त्या गप्प झाल्या. आप्पा लगबगीने पुढं गेले.

“ही काय चादर आहे?” खळबाई कुजबुजल्या. कुजबुजतानाही त्यांचा आवाज कडक होता. फाटक्या चादरीतून त्यांनी हात घालून दाखवला. “यावर पाहुणा झोपवू? पाहुणा हरवेल यात!”

“चूक झाली, बाई. नव्या शिवतोय. बघा, होतच आल्या.”

“खळ?”

“दुप्पट.”

“आणि माझ्या कुठं आहेत?”

आप्पांनी नुसतं वर बोट केलं. खळबाईंनी मान वर केली. दोरीमागून दोरी, चादरीमागून चादर; निजलेल्या, पसरलेल्या, मुटकुळं केलेल्या बायका, आणि प्रत्येकीच्या पायथ्याशी विश्रामगृहाची लाल खूण. त्या रांगांमधून चालत गेल्या. एका चादरीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यावरली बाई निजेतही एक हात पुढं करून होती, कुणाच्या तरी मनगटाची नाडी धरावी तसा. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज खरोखरच खाली आला होता.

“त्या खुणा तेवढ्या झाका. आमचं नाव नको कुठं चव्हाट्यावर.” दोन पावलं पुढं जाऊन त्या थांबल्या. “नाहीतर राहू द्या. विश्रामगृह आहे शेवटी. शोभतंय.”

मग घुबडमावशीने सरकून जागा केली आणि खळबाई कडा तपासायला बसल्या. धाकटीची कड त्यांनी नापास केली.

थोरलीला जाग आली ती आवाजाने नाही, शांततेने. ती दचकून डोळे उघडून म्हणाली, “भट्टी का बंद आहे?” आणि उठायला गेली, तोच वीस घसे कळवळले, “हळू! रेष!”

तिने खाली बघितलं. मग भट्टीवाल्या बाईलाच जमेल अशा सवयीने, कापडाला सुरकुती न पाडता, ती रेषेबाहेर आली. उभी राहून स्वतःकडे बघत राहिली. कुशीवरची ती निळी बाई तिच्याहून ऐसपैस होती.

“एवढी मोठी आहे मी?”

“आडवं झालं की माणूस खरं माप दाखवतं,” घुबडमावशी म्हणाली.

थोरलीची नजर शिवून झालेल्या चादरींच्या थप्पीकडे गेली, खळबाईंकडे गेली, त्यांनी मान हलवून दिलेल्या होकाराकडे गेली. आप्पा खाकरले. सगळं घर या खाकरण्याची सकाळपासून वाट बघत होतं. धाकटीने पिल्लूला छातीशी धरलं.

“मग सूनबाई,” आप्पा म्हणाले, “यंत्राचं काय करायचं म्हणतेस? मी बघितलं आज, तू म्हणालीस तसं. पण मला वाटतं, माझ्याआधी तू सांग.”

थोरलीने चपला पायात सरकवल्या. ती ताईकडे बघत होती, आणि ताईच्या हनुवटीवर निळा ठिपका होता.

“यंत्र घ्यायचंच,” ती म्हणाली. “पावसाळ्यात वाळत नाही, हे खोटं नाही. पण ते भट्टीमागच्या खोलीत बसेल. अडगळ तेवढी काढावी लागेल.”

“अडगळ माझी आहे,” आप्पा म्हणाले.

“म्हणूनच म्हणतेय.”

“आणि दालन?” ताईने विचारलं.

“दालनात आधी ही टांगायची आहे. पुढच्या दोरीवर, दाराशी. आणि सोमवारी हिला इथंच विसरून जाऊ नका. सगळ्यांबरोबर न्या.” तिने वाकून चादरीची दोन टोकं उचलली आणि मान वळवली. “तू काय बघत उभी? दुसरी बाजू धर की.”

ते तिला होतं हे धाकटीला कळायला क्षण गेला. मग तिने पिल्लूला शेजारी जे कुणी उठून उभं होतं त्याच्या हातात दिलं आणि धावली. चादर दोघींमध्ये ताणली गेली तेव्हा तिने मागे बघितलं: खळबाई काठीसारख्या ताठ उभ्या होत्या, आणि पिल्लू त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून अंगठा चोखत होती. धाकटीला आश्चर्य वाटलं ते एवढंच, की आपल्याला परत धावत जावंसं वाटत नाहीये.

सवयीने तिने मनगटं वर उचलली, चादर झटकायला.

“हळू गं,” पलीकडून थोरली म्हणाली. “झटकू नकोस. मी अजून वाळले नाही.”